गाईचा माज आणि माणसाची नजर

गाय माजावर आली हे ओळखण्याचे काम जोवर वळूकडे होते, तोवर गोपालकाला त्याची फिकीर करण्याचे फारसे कारण पडत नसे. कौटिल्याने गोधनाच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना शंभर गाईंच्या कळपात चार वळू असावेत असा दंडक घालून दिला, आणि एवढी तजवीज झाली की पुढचा कारभार निसर्गाच्या हवाली होई. गावगाड्यात हीच जबाबदारी पितरांच्या वा देवाच्या नावाने सोडलेल्या पोळाने उचलली. वृषोत्सर्ग हा धर्मविधी खरा. पण त्याच्या पोटी गावच्या गाई फळविण्याची सोय होती, आणि म्हणूनच पोळाने कोणाच्या उभ्या पिकात तोंड घातले तरी त्याच्यावर काठी उगारण्यास सहसा कोणी धजत नसे.

या वहिवाटीत उणे होते ते निवडीचे. पुण्य स्वस्तात पदरी पाडून घेणारा दाता असला, म्हणजे निकृष्ट खोंडच देवाच्या वाट्यास येई. इंग्रजी अंमलात 1933 साली मुंबई इलाख्यात पशुधन-सुधारणेचा कायदा झाला आणि नालायक ठरलेल्या वळूंचे खच्चीकरण करविण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला. पुढे 1939 मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी, आणि 1942 पासून इज्जतनगरच्या संस्थेत डॉ. पी. भट्टाचार्य यांनी कृत्रिम रेतनाचे प्रयोग केले. इंग्लंडात 1949 साली ग्लिसरीनच्या साह्याने वीर्य गोठवून राखण्याची युक्ती सापडली. मग उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेली कांडी वर्षानुवर्षे टिकू लागली.

महाराष्ट्रात ही विद्या दारोदार पोहोचविण्याचे मोठे काम उरुळी कांचनहून झाले. गांधीजींनी 1946 साली तेथे निसर्गोपचार आश्रम काढला, तो चालविण्यासाठी मागे राहिलेल्या मणिभाई देसाईंनी गीर गाईंचा कळप जोपासला आणि 1967 मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापिली. तिचा माणूस नायट्रोजनचे पात्र घेऊन थेट शेतकऱ्याच्या गोठ्याशी येऊ लागला. वळू मात्र आला नाही, आणि वळूबरोबर त्याचे नाकही आले नाही!

येथून पुढे माज ओळखण्याचा सारा भार माणसावर, आणि खरे सांगायचे तर धार काढणाऱ्या बाईवर पडला. माज साधारण एकवीस दिवसांनी येतो व अर्धा-पाऊण दिवस टिकतो. आपल्या देशी गाईंत तो त्याहूनही अल्पकाळ, आणि पुष्कळदा रात्रीच. कळपातली गाय दुसरीला अंगावर चढू देऊन स्थिर उभी राहते, हे त्याचे सर्वांत भरवशाचे लक्षण. परंतु दावणीला एकटीच बांधलेल्या गाईला ते दाखविणार कोठून? तेव्हा पहाटे कासेखाली बसलेल्या बाईला दूध नित्यापेक्षा कमी उतरल्याचे जाणवते, गाय वैरण सोडून हंबरत असते, वरचेवर मुतते आणि शेपटीला काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबत असतो. मुक्या माजात तर हंबरणेही नाही. उन्हाळ्यातल्या म्हशीने या बाबतीत भल्याभल्यांना चकविले आहे.

स्त्रीबीज सुटते ते माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी. अमेरिकेतील नेब्रास्का येथे ट्रिम्बर्गर यांनी 1948 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी गाय भरवावी, या नियमाला आधार मिळाला. तोच नियम आमच्याकडील पशुवैद्य आजही सांगतात. वेळ हुकली की एकवीस दिवस वाया जातात; दोनतीनदा उलटलेली गाय भाकड ठरून बाजाराची वाट धरते. अलीकडे माज ठरल्या वेळी आणणारी संप्रेरके निघाली, पाऊले मोजणारी यंत्रेही निघाली. परंतु दोनचार गाईंच्या धन्याला तो खर्च क्वचितच परवडतो.

कृत्रिम रेतनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी शास्त्रज्ञांची व संस्थांची नावे नोंदली, ती योग्यच. परंतु महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर या यशातील निम्मा वाटा पहाटे धार काढणाऱ्या त्या बाईचा आहे, असे माझे मत आहे.