पाण्याखालच्या दाराआडचे घोडे

मार्सेयहून कासीकडे जाताना फ्रान्सचा किनारा पांढऱ्या चुनखडीच्या कड्यांनी समुद्रात उतरतो. कड्यांमधल्या अरुंद, खोल खाड्यांना तिथे कालांक म्हणतात. चुनखडी पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळते, त्यामुळे हा सगळा डोंगर आतून पोखरलेला आहे. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती आणि किनारा इथून काही किलोमीटर दूर होता. तेव्हा डोंगराच्या कुशीत असलेल्या गुहा बर्फ वितळू लागल्यावर एकेक करून बुडाल्या. त्यांत माणसांनी वस्ती केली असेल, चित्रे काढली असतील, हा तर्क कुणीही करू शकला असता. पण आत जाऊन बघणार कोण?

जाण्याची सोयही याच किनाऱ्यावर लागली, तीही युद्धातल्या टंचाईमुळे. जर्मन अमलाखालच्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले, तशा मोटारी गॅसवर चालवाव्या लागल्या. एमिल गान्यां या अभियंत्याने त्यासाठी गरजेपुरताच गॅस सोडणारी झडप बनवली होती. नौदलातल्या जाक कुस्तोला हवी होती नेमकी तशीच झडप, फक्त हवेसाठी. दोघांनी मिळून केलेले यंत्र 1943 च्या उन्हाळ्यात मार्सेयच्या पूर्वेला बांदोलजवळ भूमध्य समुद्रात उतरले. आतापर्यंत शिरस्त्राण, रबरी नळी आणि वर पंप मारणारी माणसे असा लवाजमा घेऊन उतरणारा पाणबुड्या आता पाठीवर टाकी बांधून माशासारखा आडवा पोहू लागला.

या सुटसुटीतपणाचा लाभ पोवळे काढणाऱ्यांनीही उठवला. भूमध्य समुद्रातले तांबडे पोवळे सावलीत, कपारींत आणि गुहांच्या तोंडाशी वाढते. वरून ओढलेल्या जाळ्यांना ते सहज हाती लागत नसे. (हेच पोवळे पहिल्या शतकात भडोचच्या बंदरात उतरत होते, हे ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतल्या मालाच्या यादीत नोंदलेले आहे. मराठी घरांतल्या पोवळ्याच्या हौसेचा धागा इतका जुना असू शकतो.) जिथे आजवर जाळेही पोचले नव्हते, त्या अंधाऱ्या कपारी आता टाकी पाठीवर घेतलेल्या माणसांना खुल्या झाल्या.

विद्वान मात्र बराच काळ नावेतच राहिले. 1952 मध्ये कुस्तोच्या चमूने मार्सेयसमोरच्या ग्रां काँग्लुए या बेटाशी बुडालेल्या जहाजाचे उत्खनन सुरू केले. प्रमुख पुरातत्त्वज्ञ फेर्नां बेनुआ स्वतः पाण्यात उतरत नसत. खालून वर येणारे रांजण आणि भांडी पाहून ते तळाची कल्पना करत. तिथे एक नव्हे, दोन जहाजे एकावर एक बुडालेली होती आणि दोहोंत सुमारे शंभर वर्षांचे अंतर होते, हे निर्विवादपणे ठरायला 1980 चे दशक उजाडावे लागले. वस्तू कुठल्या थरातून आली हे ज्याला कळते तो खाली, आणि थराचा अर्थ ज्याला कळतो तो वर. ही विभागणी पाण्याखालच्या संशोधनाला फार महागात पडली, असे म्हणायला हरकत नाही.

कासीत पाणबुड्यांचा व्यवसाय करणारे आंरी कोस्के या विभागणीत खालच्या बाजूचे. त्यांच्या नावेचे नाव ‘क्रो-मान्यों’ होते, म्हणजे नावातच आदिमानव. पुढचे सगळे घडण्याआधीच ते ठेवलेले होते. 1985 मध्ये मोर्जिऊ भूशिराखाली, 37 मीटर खोलीवर, त्यांना कड्यात एक अरुंद भोक दिसले. आत शंभर मीटरहून लांब बोगदा तिरका वर चढत जातो आणि हवा असलेल्या दालनात उघडतो.

हा रस्ता किती कठीण आहे, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. बोगद्याच्या तळाशी बारीक गाळ साचलेला असतो. पायाच्या पंखाचा एक चुकीचा फटका बसला की पाणी दुधासारखे गढूळ होते आणि दिव्याचा झोत हातभर अंतरावर संपतो. वर पाण्याचा पृष्ठभाग नाही, खडकाचे छप्पर आहे; त्यामुळे घाबरून वर निसटण्याचा मार्गच नसतो. या खोलीवर नायट्रोजनमुळे डोके जड होऊ लागते. म्हणून जाणकार पाणबुड्या दारापासून दोरी बांधत आत जातो आणि परतीसाठी हवा राखून ठेवतो.

1991 च्या उन्हाळ्यात कोस्के आणि त्यांच्या सोबत्यांना दालनाच्या भिंतीवर हाताचा ठसा दिसला. हात खडकावर टेकवून भोवती रंग फुंकला की जशी आकृती राहते, तशी. बातमी मात्र किनाऱ्यावरच्या पाणबुड्यांच्या वर्तुळातच फिरत राहिली. 1 सप्टेंबरला बोगद्यात शिरलेले तीन हौशी पाणबुडे परत आले नाहीत. त्यानंतर दोनच दिवसांनी कोस्के यांनी सरकारदरबारी शोधाची नोंद केली. मौन आधीच मोडले असते तर दार आधीच बंद झाले असते, ही टीका चुकीची नाही. पण अशा जागेचा बोभाटा होऊ द्यायचा नाही, हा सगळ्याच पाणबुड्यांचा जुना रिवाज आहे. दोष एकट्या माणसावर टाकणे सोपे आहे इतकेच.

पुढे काय होणार होते, ते ग्रां काँग्लुएसारखेच. चित्रे खोटी आहेत असे पॅरिसमधल्या काही जाणकारांनी जाहीरपणे सांगितले. त्यांनी गुहा पाहिली नव्हती आणि पाहणे त्यांच्या हातातही नव्हते. फरक पडला तो जाँ कुर्तां यांच्यामुळे. ते प्रागैतिहासाचे अभ्यासक होते आणि पाणबुडेही. सप्टेंबर संपायच्या आत ते कोस्के यांच्याबरोबर आत गेले. रेषांवर चढलेला चुन्याचा थर त्यांनी डोळ्यांनी पाहिला. तो एका रात्रीत तयार होत नाही. कोळशाच्या नमुन्यांच्या कालमापनाने वाद मिटवला: हातांचे ठसे सुमारे 27,000 वर्षांपूर्वीचे, बरीचशी जनावरे सुमारे 19,000 वर्षांपूर्वीची.

जनावरांत घोडे सगळ्यांत जास्त. गवे आणि रानबोकडही आहेत. पण इतर गुहांत सहसा न आढळणारी समुद्री मंडळी इथे हजर आहेत: सील आणि उडता न येणारा थोरला ऑक पक्षी. 1844 मध्ये आइसलंडच्या किनाऱ्यावर या जातीची शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. हिमयुगातल्या चित्रकाराने त्याला भूमध्य समुद्राच्या काठी पाहिले होते.

गुहेचा मोठा भाग पाण्याखाली गेल्याने तिथल्या भिंतींवरची चित्रे कधीच धुऊन गेली. उरली ती पाणरेषेच्या वरची. काळ्या घोड्यांच्या भिंतीचा खालचा भाग पाण्याने कुरतडला आहे. मार्सेयच्या भरतीमापकावर 1885 पासून नोंदी होतात आणि तेव्हापासून तिथली समुद्रपातळी सुमारे 16 सेंटिमीटर चढली आहे. गुहा 1992 मध्ये संरक्षित स्मारक झाली, तिचे तोंड बंद केले गेले आणि आता फक्त परवानगी असलेले संशोधक आत जातात. भिंत उचलून आणता येत नाही, म्हणून ते जलरोधक पेट्यांत यंत्रे घेऊन उतरतात आणि भिंतींचे त्रिमितीय मोजमाप करतात. त्या मोजमापांवरून बनवलेली प्रतिकृती जून 2022 मध्ये मार्सेयच्या बंदराजवळ खुली झाली. तिथे पोहता न येणारा माणूसही घोड्यांसमोर जाऊन बसतो, अर्थात तिकीट काढून.