सगळेच निवडलेले: ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये जुनी हवा आहे का?

हेडफोन लावलेत ना? आजचा प्रश्न वरवर साधा आहे. ‘स्कायरिम’ संपवलेला माणूस एके दिवशी ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ डाउनलोड करतो. जग तेच, टॅमरिएल. नॉर्ड तसेच दणकट, खाजीट तसेच लाघवी. दोन तास खेळून तो म्हणतो, “सगळं आहे रे, पण ते नाहीये.” आता हे ‘ते’ म्हणजे नेमकं काय? आणि ते ऑनलाइन खेळात आणता येतं का? मला यात इतिहासाची भानगड दिसते, म्हणून आज जरा मागे जाऊया.

२००२ साली बेथेस्डाचा ‘मोरोविंड’ आला. मालिकेतला तिसरा मोठा खेळ. त्याआधी १९९४ला ‘अरेना’ आणि १९९६ला ‘डॅगरफॉल’ येऊन गेले होते, पण आज लोक ज्या वातावरणाबद्दल हळवे होतात ते बहुतेक ‘मोरोविंड’चं. तुम्ही एक कैदी. जहाजातून सेडा नीन नावाच्या दलदलीतल्या छोट्या गावात तुम्हाला उतरवतात. नाव-गाव लिहून घेतात, हातात एक पाकीट देतात आणि सांगतात की बालमोरा नावाच्या गावात एका माणसाला हे नेऊन दे. बस्स. नकाशावर बाण नाही, चमकणारी रेघ नाही. रस्ता विचारायचा, पाट्या वाचायच्या, वहीत लिहून आलेलं पुन्हा वाचायचं. डावीकडच्या फाट्याने जा म्हणाले आणि तुम्ही उजवीकडे गेलात, तर चुकलात. खेळ तुम्हाला थांबवणार नाही.

गावातून बाहेर पडून थोडं चाललात की वरून किंकाळी ऐकू येते. बघता बघता एक माणूस आकाशातून धाडकन खाली पडतो आणि मरतो. त्याच्याजवळ एक वही आणि मंत्राचे तीन कागद. कळतं ते असं, की त्याने प्रचंड लांब उडी मारायचा मंत्र बनवला होता, पण खाली उतरायचा विचार केला नव्हता! तुम्ही हौसेने एक कागद वाचलात तर तुम्हीही तसेच उडता. आणि तसेच आपटता.

हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं याच्यावर उभं आहे. तो माणूस एकदाच पडतो, आणि तो फक्त तुमच्यासमोर पडतो. पुन्हा तिथे गेलात तर तो परत किंचाळत येत नाही. आता हाच प्रसंग ऑनलाइन खेळात घाला. रस्त्यावर एका वेळी पंधरा जण आहेत आणि दर मिनिटाला नवा कोणीतरी येतोय. त्या बिचाऱ्याला दिवसभर, दर पाच मिनिटांनी, पडत राहावं लागेल. दुसऱ्यांदा पडला की विनोद संपला. तिसऱ्यांदा पडला की ते यंत्र झालं.

म्हणजे ‘ते’ हे फक्त राखेच्या वादळात, झाडाएवढ्या अळंब्यांत किंवा जेरेमी सोलच्या संगीतात नव्हतं. तिथे जे घडतं ते एकदाच घडतं आणि त्या जगाच्या लक्षात राहतं, याच्यात ते होतं. ‘स्कायरिम’मध्ये सुद्धा तुमच्याशी सलगी असलेला गावकरी मेला, तर तुमच्यासाठी थोडे पैसे ठेवून गेल्याचं पत्र येऊ शकतं. लोक घरात चीजचे ढीग रचून ठेवतात आणि ते ढीग तिथेच राहतात. येडेपणा आहे, मान्य. पण जग आपलं वाटतं ते अशाच येडेपणातून.

हे कोडं सगळ्यात आधी ‘अल्टिमा’वाल्यांसमोर आलं. रिचर्ड गॅरियटची ती मालिका १९८१ पासून चालू होती. १९८५च्या चौथ्या भागात राक्षस मारून जिंकायचं नव्हतंच. आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचं होतं. हो, शब्दही आपलाच. मग १९९७ला ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला, आणि त्याच ब्रिटानियात हजारो अवतार एकदम उतरले. सद्गुण बाजूला राहिले आणि गावाबाहेर एकमेकांना लुटणं सुरू झालं. बनवणाऱ्यांनी मोठ्या हौसेने जंगलाचं चक्र आखलं होतं, लांडगे मेंढ्या खातील वगैरे. पण खेळाडू दिसेल तो प्राणी इतक्या वेगाने मारत सुटले की ते चक्र फिरलंच नाही. मला मात्र त्यांची एक गोष्ट आवडते. त्यांनी गोष्टीतच कबूल केलं की दुष्ट जादूगाराच्या रत्नाचे तुकडे झाले आणि प्रत्येक सर्व्हर म्हणजे मूळ जगाचा एक तुकडा. हे मूळ जग नाही, त्याची फुटकी प्रतिबिंबं आहेत, असं सरळ सांगून टाकलं.

आता टॅमरिएलकडे. २००७ साली झेनीमॅक्स ऑनलाइन स्टुडिओज सुरू झाला. म्हणजे ‘मोरोविंड’, ‘ऑब्लिव्हियन’ बनवणाऱ्या बेथेस्डाच्या चमूने हा ऑनलाइन खेळ केला नाही. वेगळ्या चमूने केला. त्याचे तेव्हाचे प्रमुख मॅट फायरर आधी ‘डार्क एज ऑफ कॅमलॉट’वर होते, २००१चा ऑनलाइन खेळ. त्यात तीन राज्यं, तिघांचं कायमचं युद्ध, आणि दुसऱ्याच्या राज्यात मोकळं फिरायला बंदी. त्या खेळात हे मस्तच जमलं होतं.

आणि तेच इकडे आलं. ४ एप्रिल २०१४ला ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ सुरू झाला तेव्हा टॅमरिएलचे तीन गट पाडलेले होते. तुम्ही एकात सामील व्हायचं, त्याच गटाचे प्रदेश ठरलेल्या क्रमाने बघायचे, आणि बाकीचे दोन गट मुख्य कथा संपल्यावर. मधलं सिरोडिल हे रणांगण. म्हणजे ज्या मालिकेची ओळखच ‘दिसतोय तो डोंगर, चल तिकडे’ अशी होती, तिच्यात कुंपणं घातली गेली. वर महिन्याला सुमारे १५ डॉलर वर्गणी.

त्यात सुरुवातीची गर्दी. गुहेच्या शेवटी बॉसच्या जागी बॉटची टोळी उभी, तो उगवायच्या आत मेलेला. आणि गोष्ट काय, तर तुमचा आत्मा मोलाग बालने चोरलाय आणि जगाला वाचवणारे तुम्ही एकटेच. हे मायकेल गॅम्बनच्या भारदस्त आवाजात ऐकायचं आणि मागे वळून बघायचं, तर अजून बारा ‘एकटेच’ रांगेत. रविवारी हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याशी उभं राहण्यासारखं आहे ते. कडा तोच असतो हो, पण आपण सेल्फी स्टिक चुकवत असतो.

जगाने लक्षात ठेवावं म्हणून त्यांनी एक युक्तीही केली होती. तुम्ही जळणारं गाव वाचवलंत की तुमच्या स्क्रीनवर ते शांत दिसतं, आणि ज्याने वाचवलं नाही त्याच्या स्क्रीनवर जळत राहतं. कल्पना चांगली होती. पण सोबत खेळणारा मित्र कथेत मागे असेल तर तो तुमच्यासमोरून चक्क गायब! एकट्याचं वातावरण सांभाळायला गेले आणि सोबत सुटली.

पुढची दोन-तीन वर्षं मला या खेळाच्या इतिहासातली सगळ्यात रंजक वाटतात. मार्च २०१५मध्ये वर्गणीची सक्ती गेली आणि त्याच सुमारास चोरी, खिसेकापणी, पहारेकऱ्यांचा पाठलाग आला. ऑक्टोबर २०१६मध्ये ‘वन टॅमरिएल’ आलं, आणि माझ्या मते खेळ खरा तेव्हा जन्मला. कोणत्याही गटाचे असा, कोणत्याही लेव्हलला असा, कुठेही जा. तुमची ताकद शत्रूंशी जुळवून घेतली जाणार. काहींना हे पटलं नाही, कारण आपण बलवान झालोय हे जाणवतच नाही असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. पण भटकंती परत आली. फेब्रुवारी २०१७मध्ये स्वतःची घरं आली. मांडलेली वस्तू जिथल्या तिथे राहील अशी एक तरी जागा मिळाली.

आणि जून २०१७ला ‘मोरोविंड’ याच नावाचा भाग आला. तेच बेट, व्हार्डनफेल, पण जुन्या खेळाच्या सुमारे सातशे वर्षं आधीचं. इथे ते ‘अल्टिमा’वाल्यांसारखेच शहाणे वागले. जुनी जागा जशीच्या तशी देण्याचा आव आणला नाही. जे भव्य व्हिवेक शहर आपण पायी तुडवलं होतं, ते इथे अर्धवट बांधलेलं आहे. मचाण लागलेलं, काम चालू असलेलं. जुन्या खेळाडूला पुढे काय होणार ते माहीत आहे, तिथल्या माणसांना नाही. ही हुरहुर मूळ खेळात नव्हती, ती फक्त इथेच मिळते. गर्दीतही ती मोडत नाही, कारण ती तुमच्या आठवणीत असते, सर्व्हरवर नाही.

मग जुनी हवा आहे का? गोष्ट तुम्हाला ‘निवडलेला’ म्हणते तेव्हा नाही. एखाद्या दुकानदाराला मारलं आणि तो थोड्या वेळाने पुन्हा काउंटरवर हजर, तेव्हा तर नाहीच. पण कोणी काही काम सांगितलेलं नसताना रस्ता सोडून चालत सुटलात, तर आहे. बरीच आहे.

आता आपल्या मंडळींसाठी कामाचं. पीसीवर सर्व्हर अमेरिकेचे आणि युरोपचे, भारतात नाही, त्यामुळे पिंग सहन करावा लागतो. मी युरोप घेतो. आपल्याकडे सकाळचे आठ-नऊ वाजतात तेव्हा तिकडे पहाट असते, त्यामुळे गर्दी कमी. सेटिंगमध्ये जाऊन होकायंत्रावरच्या कामांच्या खुणा बंद करा, चॅटची खिडकी मिटा, घोडा राहू द्या. सेडा नीनमधून निघा आणि पायी बालमोराकडे जा. वाटेत कोणी भेटलंच तर मान डोलवा आणि पुढे चला.