स्मार्टफोन घेताना आधी बँड पाहा

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात स्मार्टफोनची निवड गावागणिक बदलते. नगर शहरात झकास चालणारा फोन अकोले तालुक्यातील भंडारदरा, रतनवाडीच्या डोंगरांआड मुका होऊ शकतो. दुकानात मात्र चर्चा रंगते ती मेगापिक्सेलची!

मोबाइल सेवा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी बँडवर चालते. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी दूर जातात आणि भिंतींतूनही तुलनेने सहज शिरतात. त्यामुळे ग्रामीण भागात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोलाचा ठरतो. २०२२ च्या लिलावात तो जिओने देशभरासाठी घेतला. बीएसएनएलची फोर-जी सेवाही या पट्ट्याचा वापर करते. म्हणून उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलपुढे फोर-जीसाठी ‘बँड २८’ आणि फाइव्ह-जीसाठी ‘एन २८’ आहे का, हे पाहावे. परदेशातून आणलेल्या फोनबाबत ही खातरजमा आवश्यकच, कारण एकाच नावाच्या मॉडेलमधील बँड देशानुसार बदलतात. गावात कोणत्या कंपनीची रेंज आहे, याची चौकशी अर्थातच त्याआधी करावी. टॉवरच नसेल तर महागडा फोनही निरुपयोगी.

रेंज क्षीण असली की फोन अधिक शक्तीने संदेश पाठवतो आणि बॅटरी लवकर उतरते. अशा ठिकाणी पाच हजार एमएएचची बॅटरी चैनीची बाब नव्हे. सॉफ्टवेअर व सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार आणि कंपनीचे दुरुस्ती केंद्र नगरला आहे की त्यासाठी पुणे गाठावे लागेल, हेही पैसे देण्यापूर्वीच विचारावे.