कसोटीचा दगड दिवाणखान्यात

गणेशोत्सव आणि लाउडस्पीकर यांचे नाते जुने आहे. बांबूला बांधलेल्या कर्ण्यापासून आजच्या डीजेच्या भिंतीपर्यंत आपली लाउडस्पीकरकडून एकच अपेक्षा राहिली, आवाज लांबवर पोहोचावा. पण लाउडस्पीकरची आणखी एक जात आहे. तिला ‘स्टुडिओ मॉनिटर’ म्हणतात. रेडिओ केंद्रात किंवा ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काम करणाऱ्या अभियंत्याला ‘तू टिपलेल्या आवाजात अमुक दोष आहे’ हे बिनचूक सांगणे, एवढेच तिचे काम. सोनाराकडचा कसोटीचा दगड जसा सोन्याला उजळवत नाही, फक्त कस सांगतो, तसेच हे. असा दगड लोकांनी हौसेने घरी आणून दिवाणखान्यात का ठेवला असेल? इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन शासकीय नोकरीत रमलेल्या माझ्यासारख्याला या प्रश्नाने अनेक वर्षे गुंतवून ठेवले आहे. त्याचे उत्तर इंग्लंडमधल्या एका लहानशा पेटीत सापडते. तिचे नाव एलएस३/५ए.

बीबीसीची स्थापना १९२२ची. रेडिओवर बातम्या, भाषणे, श्रुतिका, म्हणजे बोलण्याचा भाग मोठा. त्यामुळे बीबीसीच्या संशोधन विभागाने लाउडस्पीकर पारखताना इतर मोजमापांबरोबर माणसाचा जिवंत आवाज हाही निकष धरला. सरे परगण्यातील किंग्जवुड वॉरन येथे हा विभाग होता. स्टुडिओत एक माणूस मायक्रोफोनसमोर बोलायचा. अभियंते त्याचा आवाज आधी प्रत्यक्ष ऐकायचे, मग शेजारच्या खोलीत स्पीकरवर ऐकायचे आणि दोन्हींत फरक किती ते ठरवायचे. यामागचा विचार साधा आहे. व्हायोलिन आपण रोज ऐकत नाही, पण माणसाचा आवाज जन्मल्यापासून ऐकतो. त्यात जरा नाकातलेपणा आला, छातीतला घुमारा वाढला किंवा ‘स’ टोचू लागला की अडाणी कानालाही ते कळते.

पुढे एक अडचण उभी राहिली. सामने, समारंभ, संगीतसभा यांचे प्रक्षेपण करणाऱ्या ओबी व्हॅनमध्ये जागा अगदी थोडी. मोठे मॉनिटर तिथे मावत नव्हते आणि तासन्‌तास हेडफोन लावून आवाजाचा खरा अंदाज येत नव्हता. त्याच सुमारास स्टुडिओंच्या लहान प्रतिकृती करून ध्वनीचा अभ्यास चालला होता. त्यासाठी केलेल्या एका छोट्या स्पीकरचा आवाज त्याच्या आकाराच्या मानाने फारच चांगला निघाला. त्यातूनच एलएस३/५ घडला. नावातील ‘एलएस’ म्हणजे लाउडस्पीकर, ३ म्हणजे बाह्यप्रक्षेपणाचा वर्ग आणि ५ हा रचनेचा क्रमांक. त्यात बसवायची वूफर आणि ट्वीटर ही दोन युनिटे केफ या कंपनीची होती. कंपनीकडून येणाऱ्या युनिटांत फरक पडल्याचे लक्षात आल्यावर रचना पुन्हा तपासली गेली आणि १९७४च्या सुमारास ‘ए’ अक्षर जोडलेली आवृत्ती तयार झाली. हारवुड, व्हॉटन आणि मिल्स या तिघांनी तिच्यावर लिहिलेला अहवाल १९७६ साली निघाला.

पेटी जेमतेम ३० सेंटीमीटर उंच आणि १९ सेंटीमीटर रुंद. भिंती बर्चच्या पातळ प्लायवूडच्या, आतून डांबरी थर चिकटवलेल्या. जाड लाकूड घेण्याऐवजी पातळ लाकडाचा कंप थराने मारायचा, ही बीबीसीची रीत. कोपऱ्यांतल्या पट्ट्या बीच लाकडाच्याच हव्यात, असे ठरलेले. बी११० हा वूफर बेक्स्ट्रिन नावाच्या प्लास्टिकच्या शंकूचा, तर टी२७ हा ट्वीटर अवघ्या १९ मिलीमीटर घुमटाचा. पेटीच्या कडांवरून आवाज परावर्तित होऊ नये म्हणून ट्वीटरभोवती नमद्याच्या जाड पट्ट्या. क्रॉसओव्हरमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर होता. कोणताही ट्वीटर हुबेहूब दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून प्रत्येकाची पातळी त्यावर वेगळी जुळवून घेता येई.

ही रचना बीबीसीने परवाना देऊन बाहेरच्या कंपन्यांना बनवू दिली. रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, स्पेंडॉर, हार्बेथ, गुडमन्स आणि स्वतः केफ ही त्यांतली नावे. यांतल्या दोन कंपन्या तर बीबीसीच्याच माणसांनी काढलेल्या. स्पेन्सर ह्यूज यांनी स्वतःचे आणि पत्नी डोरोथीचे नाव जोडून स्पेंडॉर केली. डडली हारवुड यांनी १९७७ साली पत्नी एलिझाबेथच्या नावातले अक्षर घेऊन हार्बेथ उभारली. अशा रीतीने व्हॅनमधली पेटी बाजारात आली आणि लोकांच्या घरी पोहोचली.

मालकांची मते मात्र एकसारखी नाहीत. वाखाणणारे म्हणतात की डोळे मिटले तर गायक समोर बसलेला वाटतो, पेटी जणू नाहीशी होते. आपल्याकडील गायकी, नाट्यपदे, भाषणे ऐकणाऱ्याला हे पटावे. देवासच्या कुमारजींच्या तानेतला दम आणि मधली शांतता, दोन्ही अशा स्पीकरवर स्पष्ट कळतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एवढ्याशा पेटीतून खर्जाचे खालचे टोक निघत नाही. डग्ग्याची घुमकी आखडते आणि ऑर्गनचे सर्वांत खालचे स्वर हरवतात. ती उणीव जाणवू नये म्हणून रचनेत १०० हर्ट्‌झच्या जरा वर थोडा उठाव आहे. काहींना तो ऊबदार वाटतो, काहींना फसवा. शिवाय हा स्पीकर ताकद खातो. एका वॉटला एक मीटरवर तो सुमारे ८२-८३ डेसिबल देतो. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते. त्यामुळे ८८ डेसिबलच्या साध्या स्पीकरइतका आवाज काढायला याला जवळपास चौपट वॉट लागतात. आणि फार वॉट दिले तर तो सहन करत नाही. मोठ्या हॉलला याचा काही उपयोग नाही. लहान खोलीत, जवळ बसून, मध्यम आवाजात ऐकणाऱ्याचा हा सोबती.

मालकांमध्ये संप्रदायही पडले. आरंभीचे स्पीकर १५ ओहमचे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिटे मूळ मापापासून सरकू लागली म्हणून क्रॉसओव्हर नव्याने रचला गेला आणि ११ ओहमची आवृत्ती आली. दोन्हींचा आवाज सारखा राहावा, हाच त्यामागचा हेतू. तरीही १५ ओहमवाले आणि ११ ओहमवाले यांचा वाद अजून मिटलेला नाही. जुळणाऱ्या क्रमांकाच्या जोडीला जास्त भाव येतो. वास्तविक चाळीस-पन्नास वर्षांत कपॅसिटर बदलतात, वूफरची कड सैलावते. म्हणून जुनी जोडी घेणाऱ्याने पेटीवरच्या नावापेक्षा दोन्ही स्पीकर आज एकसारखे वाजतात का, हे आधी पाहावे.

उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून आला. घरी तो कर्कश ठरला. पण स्टुडिओतल्या अभियंत्यांनी तो मिक्सरच्या कठड्यावर ठेवला, कारण त्याच्यावर मिश्रणातले दोष झाकले जात नसत. काही जण ट्वीटर सौम्य करायला त्यावर टिश्यू पेपर चिकटवत. पांढऱ्या शंकूचा हा स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत दिसू लागला. शंकूचा खास लगदा मिळेना म्हणून २००१ साली त्याचे उत्पादन थांबले. आज काही हौशी तोही घरी लावतात आणि लवकरच थकतात.

दोन्ही मॉनिटरच. मग एक घरात रमला आणि दुसरा रमला नाही, असे का? माझ्या मते याचे उत्तर त्या दोन खोल्यांमधल्या परीक्षेत आहे. एनएस-१० दोष दाखवून देतो आणि तिथेच थांबतो. एलएस३/५ए ज्या घरात घडला तिथे शेवटचा निवाडा बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाचा होता. घरी बसून आपण ऐकतो तोही बहुतेक माणसाचाच आवाज.

ही परीक्षा कोणत्याही स्पीकरला लावता येते आणि तिला पैसे लागत नाहीत. घरातल्या एखाद्या व्यक्तीला मोबाइलसमोर दोन मिनिटे वाचायला सांगावे. मुद्रण स्पीकरवर लावावे, मग त्याच व्यक्तीला तोच मजकूर समोर बसून पुन्हा वाचायला सांगावे. मोबाइलच्या माइकचे काही दोष त्यात मिसळतील, तरी दोन स्पीकरांपैकी प्रामाणिक कोणता ते समजेल.

आणि हे समजणे आपल्याला गरजेचे आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत आणि मंडळांच्या कपाटांत जुन्या उत्सवांतली व्याख्याने, कीर्तने, आजी-आजोबांच्या बोलण्याच्या कॅसेटी अजून पडून आहेत. माळव्याच्या हवेत मुरलेली मराठी कशी बोलली जात होती, याचा तोच पुरावा. फीत दरवर्षी थोडी झिजते, बुरशी धरते. त्या संगणकावर उतरवून घेताना कोणाचा तरी कान स्पीकरला लागलेला असणार. तो स्पीकर ‘ब’ला ‘ब’ आणि ‘भ’ला ‘भ’ म्हणणारा असावा, म्हणजे पुढच्या पिढीपर्यंत आजीचा आवाज आजीचाच पोहोचेल.