अनुभवी रिलीफ पिचर : मोल किती आणि मुदत किती?

बेसबॉलचा सामना साधारणतः नऊ डावांचा असतो. सुरुवातीचा पिचर थकला किंवा त्याच्यावर धावा होऊ लागल्या, की त्याच्या जागी येतो तो ‘रिलीफ पिचर’. निसटती आघाडी राखण्यासाठी बहुधा अखेरच्या डावातच ज्याला उतरवले जाते, तो ‘क्लोजर’. क्रिकेटमधील अखेरची षटके टाकणाऱ्या गोलंदाजाशी त्याचे साम्य आहे. अशा नावाजलेल्या पिचरचा करार संपला, की त्याला राखण्यासाठी संघाने किती पैसा ओतावा, हा अमेरिकी बेसबॉलमधील जुना वाद आहे.

हिशेब पाहता हा सौदा महागच दिसतो. मुख्य हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने, म्हणजे सुमारे १४५० डाव खेळतो. क्लोजरच्या वाट्याला त्यांतील जेमतेम साठ-सत्तर डाव येतात. तथापि ते डाव सामन्याचा निकाल ठरवणारे असतात, आणि हातातला सामना निसटला की प्रेक्षकांचा रोष व्यवस्थापनाला झेलावा लागतो. शिवाय आघाडी राखण्याच्या कामगिरीची ‘सेव्ह’ या नावाने १९६९ पासून अधिकृत नोंद होते. हा आकडा गुणवत्तेइतकाच मिळालेल्या संधींवरही अवलंबून असतो. तरीही खेळाडूचे मोल वाढवतो.

मोजके डाव असल्याने एका वर्षाच्या यशावरून पुढचा अंदाज बांधणे कठीण असते. कोलोरॅडो रॉकीजने २०१८ च्या हंगामापूर्वी बत्तीस वर्षांच्या वेड डेव्हिसशी तीन वर्षांचा ५.२ कोटी डॉलरचा करार केला. पहिल्या वर्षी त्याने ४३ सेव्ह मिळवल्या. दुसऱ्या वर्षी मात्र तो नऊ डावांमागे सरासरी ८.६५ धावा देऊ लागला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये संघाने त्याला मुक्त केले.

न्यूयॉर्क मेट्सचा अनुभव आणखी बोलका आहे. एडविन डियाझने २०२२ मध्ये ६२ डावांत ११८ फलंदाजांना ‘स्ट्राइकआउट’ केले. त्याला राखण्यासाठी संघाने पाच वर्षांचे १०.२ कोटी डॉलर मोजले. रिलीफ पिचरला दहा कोटींपलीकडचा करार प्रथमच मिळत होता. पुढच्याच मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये पोर्तो रिकोच्या विजयाचा जल्लोष करताना त्याचा गुडघा दुखावला आणि २०२३ चा संपूर्ण हंगाम वाया गेला. २०२५ मध्ये त्याला पुन्हा लय गवसली, तेव्हा करारातील मुभेचा वापर करून तो दोन वर्षे आधीच बाहेर पडला. जोखीम संघाची आणि निवड खेळाडूची, असा हा एकतर्फी व्यवहार होता.

याउलट न्यूयॉर्क यांकीजचे उदाहरण आहे. १९९६ च्या वर्ल्ड सिरीजमधील चारही विजयांत जॉन वेटलँडने सेव्ह मिळवली आणि तो मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. असे असूनही यांकीजने त्याला जाऊ दिले. तो टेक्सास रेंजर्सकडे गेला आणि तिथेही चमकला. म्हणजे यांकीजने वाया गेलेला खेळाडू सोडला नव्हता. त्यांच्याकडे पर्याय तयार होता. वर्षभरापूर्वी सुरुवातीचा पिचर म्हणून फारसा न चमकलेला मारियानो रिवेरा त्या जागी आला. पुढे ६५२ सेव्हचा विक्रम त्याच्या नावावर जमा झाला आणि २०१९ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’साठी एकमताने निवडला गेलेला तो पहिला खेळाडू ठरला.

रिवेरा स्वतः वयस्क झाल्यावर यांकीजने त्याच्यावर भरपूर खर्च केला, पण मुदत आवळत नेली. २००७ च्या हंगामानंतर तीन वर्षांसाठी ४.५ कोटी, २०१० नंतर दोन वर्षांसाठी तीन कोटी आणि २०१३ साठी केवळ एका वर्षाचे एक कोटी डॉलर, असे ते करार होते.

या वादाचे उत्तर बहुधा यातच आहे. अनुभवी रिलीफ पिचरला चांगले मोल देण्यात गैर नाही, विशेषतः जेतेपद दृष्टिपथात असताना. मात्र मोठ्या रकमेसोबत दीर्घ मुदत जोडली, की संघ कालच्या यशाची किंमत उद्याच्या तिजोरीतून चुकवतो. ज्या संघाने आपल्याच पिचरांतून पुढचा माणूस घडवला आहे, त्याच्यावर ती वेळ येत नाही.