हाली रुपया लुटताना

चिठ्ठ्यांचा डबा समोर टेबलावर ठेवलेला आहे आणि निम्म्या लोकांचं लक्ष आमच्याकडे नसून त्या डब्याकडे आहे, हे आम्हाला इथून दिसतंय. त्यात गैर काही नाही. आम्हीही एकेकाळी तिथेच, मागच्या रांगेत बसून डब्याकडेच बघायचो. पण सोडत काढण्याआधी थोडा वेळ आम्हाला द्या. आज जी नाणी आपण एकमेकांना देणार आहोत, त्यांच्याबद्दल आणि मुळात 'देणं' या गोष्टीबद्दल चार शब्द बोलायचे आहेत.

दसरा जवळ आलेला आहे, म्हणून कौत्साच्या गोष्टीपासून सुरुवात करू. गुरूंनी दक्षिणा मागितली चौदा कोटी सुवर्णमुद्रा. रघुराजाने तर विश्वजित यज्ञात सगळं दान करून टाकलेलं. शेवटी कुबेराने मुद्रांचा पाऊस पाडला. कौत्साने त्यातल्या आपल्याला हव्या तेवढ्याच मोजून घेतल्या आणि उरलेल्या लोकांनी लुटून नेल्या, असं आपल्या घरोघरी सांगतात. आपण आपट्याची पानं देतो ती त्या आठवणीने. संक्रांतीला आपल्याकडच्या बायका वाण लुटतात, तेही याच जातीचं. आता गंमत बघा, मराठीत 'लुटणं' म्हणजे ओरबाडून नेणं आणि 'लुटणं' म्हणजे हौसेने वाटणंसुद्धा. आमचं आजचं सगळं बोलणं या दोन अर्थांच्या मधल्या अंतराबद्दलच आहे.

आज डब्यात जी नाणी आहेत ती बहुतेक हाली आहेत. नव्या मुलांसाठी सांगतो. परभणी जिल्हा 1948च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि या संस्थानाचं स्वतःचं चलन होतं. 'हाली' म्हणजे सध्याचं, चालू. 'हाली सिक्का' म्हणजे चालू नाणं. इंग्रज सरकारचा रुपया तो 'कलदार', कळीवर म्हणजे यंत्रावर पाडलेला. पुढे हाली रुपयाही यंत्रावर पाडू लागले, तरी बोलण्यात कलदार म्हटलं की इंग्रजांचाच.

1857च्या उठावापर्यंत इथल्या नाण्यांवर दिल्लीच्या मोगल बादशहाचं नाव असायचं. बादशाही संपली, मग नाण्यावर आसफजाही नाव आलं. आपल्या ओळखीचा चारमिनारवाला रुपया सुरू झाला हिजरी 1321च्या सुमारास, म्हणजे इसवी सन 1903-04. नाणं हातात आलं की चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा. तिथे 'मीम' हे अक्षर असेल तर तो मीर महबूब अली खान, सहावे निजाम. 'ऐन' असेल तर मीर उस्मान अली खान, सातवे. ते गादीवर आले 1911मध्ये. त्यांच्या अगदी पहिल्या नाण्यांवर हा ऐन अर्धा, तोकडा आहे, नंतरच्या नाण्यांवर पूर्ण आहे. अर्ध्या ऐनाचा रुपया मिळाला तर घरी जाईपर्यंत खिशावर हात ठेवा.

आता हा रुपया कलदारापेक्षा स्वस्त का होता? जुनी माणसं सांगत, सात हालीला सहा कलदार. सरकारी दर होता 100 कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नव्हता. हाली रुपयाचं वजन सुमारे 11.18 ग्रॅम, त्यात चांदी 81.8 टक्के. म्हणजे निव्वळ चांदी साधारण 9.14 ग्रॅम. कलदाराचं वजन 11.66 ग्रॅम, चांदी बारा भागांत अकरा भाग, म्हणजे साधारण 10.69 ग्रॅम. आता सात गुणिले 9.14 करा. 64च्या जवळ. सहा गुणिले 10.69 करा. तेही 64च्या जवळ. सात हाली आणि सहा कलदार तराजूत टाकले तर चांदी जवळपास सारखीच भरते.

हा हिशेब नुसता कागदावरचा नव्हता. 1900च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे इथून गेली आणि मानवत, सेलूचा कापूस मुंबईकडे जाऊ लागला. मुंबईचा व्यवहार कलदारात, शेतकऱ्याच्या हातात पडणार हाली. मध्ये मोड करून देणारा आला, आणि त्याचा बट्टा आला. ज्याला सात-सहाचं गणित यायचं तो वाचायचा, ज्याला यायचं नाही तो बट्ट्यात जायचा. म्हणून आम्ही म्हणतो, हाली रुपया हा आपल्या जिल्ह्याच्या अर्थव्यवहाराचा साक्षीदार आहे. निजामाच्या ऐश्वर्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या, पण पाथरीच्या बाजारात भाकरीचं पीठ कशावर विकत घेतलं जायचं, ते हे नाणं सांगतं.

पोलीस ॲक्शननंतर 1950पासून भारतीय रुपया हालीच्या जोडीने चालू लागला आणि 1959मध्ये हाली कायमचा बंद झाला. तोवर आपण 1956मध्ये मुंबई राज्यात आलेलो होतो. मग त्या सगळ्या चांदीचं काय झालं? सोपं उत्तर आहे. सोनाराच्या मुशीत गेली. जोडवी झाली, वाळे झाले, करंडे झाले. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, चांदी ही अडीनडीलाच असते. पण जी थोडी नाणी उरली, ती बहुतेक कुणीतरी कुणालातरी दिली म्हणून उरली. आजीने नातवाला, मालकाने गड्याला, सासूने सुनेला. विकलेली वितळली, दिलेली राहिली. नियम म्हणून नाही सांगत, पण इतक्या वर्षांत आम्हाला घराघरांतून दिसलं ते हेच.

इथे आमची एक चूक सांगायची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा जणांनी अशीच हौसेची सोडत काढली होती. जिंतूरकडच्या एका वयस्कर बाईंनी आम्हाला एक हाली रुपया दिला होता. वर कडी डागलेली, दोऱ्यात ओवायला. त्यांच्या आईच्या गळ्यातला. त्या बाई म्हणाल्या होत्या की आईने कापूस वेचणीच्या मजुरीतला पहिला रुपया मोडला नाही, कडी लावून गळ्यात घातला. आम्ही ऐकलं, मान डोलावली, आणि तो रुपया इतर नाण्यांबरोबर डब्यात टाकला. सोबत एक ओळसुद्धा लिहून ठेवली नाही. ज्याला तो लागला, तो नवीन होता. त्याने घरी नेऊन कडी कापली, कडेचा डाग कानशीने घासला, चिंच लावून नाणं लख्ख केलं आणि पुढच्या खेपेला मोठ्या कौतुकाने आम्हाला दाखवलं. त्याची काय चूक? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या एका कागदाच्या आळसापायी एका बाईच्या पहिल्या मजुरीचा रुपया पाच मिनिटांत नुसता एक झिजलेला रुपया झाला. संग्राहकाच्या दृष्टीनेही गेला, कारण घासलेल्या नाण्याला किंमत नाही. आणि इतिहासाच्या दृष्टीने तर गेलाच. त्या बाई पुढे भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलं, 'माह्या मायचा रुपया नीट हाय का?' आम्ही 'हो' म्हणालो. ते 'हो' अजून टोचतं.

ही झाली एका नाण्याची गोष्ट. आता तेरा हजारांची सांगतो. 1906मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. 13,000हून जास्त नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी 9,000हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्याचं नाणं तेच, वर जिंकलेल्याची मोहोर! गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा नाही. आणि तो आपल्या हाती आला कशामुळे? रेव्हरंड स्कॉट नावाच्या माणसाने ती नाणी तपासली, मोजली आणि लिहून ठेवली म्हणून. एकेक नाणं सुटं मिळालं असतं तर कुणी म्हणालं असतं, दोनदा छापलंय, खराब आहे. साठा एकत्र होता, मोजला गेला, म्हणून इतिहास झाला.

आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण घ्या. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. नाणी, मणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंती वस्तू. आणि तो संग्रह सरकारला दिला. आज तेरला त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे. त्या संग्रहाचं मोल अशासाठी की वस्तू तेरच्या आहेत हे पक्कं ठाऊक आहे. तेच मणी कुठल्यातरी शहरातल्या दुकानात पेटीत पडले असते तर? नुसते जुने मणी.

तेव्हा मंडळी, आज आपण काय करायचं ते साधं आहे. प्रत्येक नाण्याबरोबर या वेळी एक पाकीट ठेवलेलं आहे. त्यावर चार गोष्टी लिहिल्यात : नाणं कुठल्या गावचं, कुणाच्या घरातलं (घरच्यांची परवानगी असेल तरच), ते देताना काय सांगितलं गेलं, आणि ते आमच्याकडे कधी आलं. ज्याला नाणं लागेल त्याने पाचवी ओळ स्वतःची लिहायची. उद्या तुम्ही ते पुढे दिलंत तर पाकिटासकट द्यायचं. आणि कृपा करून चिंच, राख, पितांबरी काही लावायचं नाही. काळवंडलेली चांदी काळीच राहू द्या.

पदकांबद्दल वेगळं सांगायला हवं. दोन पदकं आमच्याकडे आली होती, ती आम्ही डब्यात घातलेली नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचं नाव, नंबर आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात हिंदी शिपायांना दिलेल्या पदकांवरही नाव असतं. भिंग घेऊन कड वाचा. नाव सापडलं तर आधी घर शोधायचं, वंशज शोधायचे. नाही म्हणाले तर मग आपलं. तसंच 1972मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना दिलेली ताम्रपत्रं. मुक्तिसंग्रामात लढलेल्या माणसाचं ताम्रपत्र मोडीच्या भावात आलं, तर ते सोडतीत ठेवायचं बक्षीस नव्हे. ते परत करायचं देणं आहे.

दोन शब्द कायद्याचे. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते परदेशातल्या मित्राला भेट म्हणून परस्पर पाठवता येत नाही. 'मीम'चे सगळे रुपये आता त्यात बसतात, आणि 'ऐन'चेही सुरुवातीचे बरेच. शेतात, पाया खणताना पुरलेलं काही सापडलं तर 1878च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. असल्या वस्तू आम्ही सोडतीत घेत नाही, आणून देऊ नका.

बस्स, झालं आमचं. कौत्साने हवं तेवढंच मोजून घेतलं, हे आपण विसरतो आणि पाऊस तेवढा लक्षात ठेवतो. मोजून घ्यावं, लिहून द्यावं, एवढंच सांगायचं होतं.

त्या जिंतूरच्या बाई आता नाहीत. त्यांचा रुपया मात्र आज या डब्यात आहे. ज्याला लागला होता त्याने तो परत आणून दिला, स्वतःहून. कडी गेली ती गेली. पण पाकिटावर आम्ही सगळं लिहिलंय, आमच्या चुकीसकट. कुणाला लागेल माहीत नाही. ज्याला लागेल, त्याने वाचून दाखवावं.

चला, डबा हलवा.