विद्युत् गिटारचे मोल

मिरजेस तंबोरा घ्यावयास गेलेला जाणकार भोपळ्याचा घेर पाहतो, तबलीवर टिचकी मारतो आणि शेवटी जवारीकडे कान लावतो. त्या वाद्यात लाकूड आणि भोपळाच नादाला मोठेपणा देत असल्यामुळे ही परीक्षा रास्त असते. विद्युत् गिटार पारखताना मात्र ही रीत अपुरी पडते. कारण तिच्या भरीव अंगात पोकळीच नसते. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरते, चुंबकाभोवती गुंडाळलेल्या केसासारख्या तांब्याच्या तारेच्या हजारो वेढ्यांत त्यामुळे क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धकातून तोच नाद होऊन बाहेर पडतो. या वेटोळ्यास वादक पिकअप म्हणतात. या व्यवहारात लाकडाचा वाटा किती, हा तंटा आजही मिटलेला नाही. तथापि दुकानदार त्याची जेवढी किंमत लावतो तेवढा तो खचितच नाही.

स्वस्त आणि महाग यांचा हा घोळ या वाद्याच्या जन्मापासूनचा आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. १९५० साली त्याने बाजारात आणलेली गिटार म्हणजे एक सपाट फळी आणि तिला चार स्क्रूंनी जोडलेली दांडी! प्रतिस्पर्ध्यांनी तिला होडीचे वल्हे म्हणून हिणविले. मेपलचे लाकूड कठीण, तेव्हा दांडीत पोलादी सळईची आवश्यकता नाही, असा फेंडरचा आरंभी समज होता. पण दांड्या वाकून वाद्ये परत येऊ लागली आणि सळई घालावी लागली. ‘ब्रॉडकास्टर’ हे तिचे नावही टिकले नाही. त्याच उच्चाराच्या नावाचे ढोल विकणाऱ्या ग्रेच कंपनीने हरकत घेतल्यामुळे १९५१ मध्ये ती ‘टेलिकास्टर’ झाली.

मिशिगनमधील कालामाझूच्या गिब्सन कंपनीने १९५२ साली या वल्ह्यास उत्तर दिले. तिच्या ‘लेस पॉल’ गिटारीस महोगनीचे अंग, त्यावर मेपलचा कोरीव घुमटदार थर आणि सरसाने सांधलेली दांडी होती. कारागिरीच्या जुन्या कसोटीस ती पुरेपूर उतरत होती. आणि तरीही १९५८ ते १९६० या काळातील तिची तांबूस-पिवळ्या झळाळीची आवृत्ती, किंमत तीनशे डॉलरच्या आत असूनही, इतकी थोडी खपली की कंपनीने पुढे तिचा आकारच बदलला. १९६६ साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेत तीच गिटार वाजविली आणि तिचे भाग्य फिरले. आज अशा एकेका अस्सल वाद्यास काही लाख डॉलर पडतात. मधल्या वर्षांत त्या लाकडाने किंवा तारांनी नवे असे काही शिकून घेतले नव्हते.

याच्या नेमक्या उलट टोकाला न्यू जर्सीचा नेथन डॅनिअल होता. सिअर्स या टपालाने माल धाडणाऱ्या पेढीसाठी तो ‘सिल्व्हरटोन’ गिटारी बनवी. लाकडी चौकटीवर मॅसोनाइटचे, म्हणजे दाबलेल्या लाकूडतंतूंचे, तक्ते. आणि पिकअपला आवरण म्हणून ओठांना लावावयाच्या रंगाच्या रिकाम्या नळ्या! १९६२ साली निघालेल्या त्याच्या एका गिटारीच्या पेटीतच ध्वनिवर्धक बसविलेला होता, आणि हा सारा संच ६७ डॉलर ९५ सेंटला मिळे. कित्येक गरीब घरांतील मुलांच्या हाती पडलेले हे पहिलेच वाद्य. याच डॅनिअलच्या ‘डॅनइलेक्ट्रो’ नावाच्या गिटारीतील खणखणीत नादासाठी पुढे जिमी पेजसारख्या नामांकित वादकाने ती जवळ केली.

म्हणून सगळ्या स्वस्त गिटारी चांगल्या असतात, असे मात्र नव्हे. तारा पडद्यांपासून फार उंच असल्या की नवशिक्याची बोटे सोलवटतात, पडद्यांची टोके तळहाताला बोचतात, खुंट्या ढिल्या असल्यास स्वर टिकत नाही. आणि मुलगा समजतो की आपल्यालाच संगीत येत नाही. हानी होते ती येथे. दांडी सरळ आहे काय, सांधा घट्ट आहे काय, पडदे घासून समतल केले आहेत काय, एवढे पाहिले तर अर्धी परीक्षा झाली. यांतील पुष्कळसे दोष कुशल कारागिराच्या दोन तासांच्या कामाने दूर होतात. पीळ पडलेली दांडी मात्र सहसा दाद देत नाही. फेंडरच्या स्क्रूंनी जोडलेल्या दांडीचा उपहास झाला खरा, पण बिघडलेली दांडी काढून दुसरी बसविण्याची सोय त्यामुळेच झाली.

नावावर विसंबणाऱ्यांची फजिती १९६५ नंतर झाली. त्या वर्षी कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम या ध्वनिक्षेपण कंपनीने फेंडरचा कारखाना १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतला. (‘ब्रॉडकास्टर’ नावाचा असा सूड क्वचितच कोणी उगवला असेल.) १९७१ साली ‘स्ट्रॅटोकास्टर’च्या दांडीचे चार स्क्रू तीनवर आले आणि सैल सांध्यांच्या तक्रारी वाढल्या. वाद्यावरील नाव मात्र तेच होते.

इकडे जपानात, नागानो प्रांतातील मात्सुमोतो येथील फुजिजेन कारखान्यात, जुन्या अमेरिकन गिटारींची मापे बारकाईने घेऊन नकला तयार होत होत्या. त्या रोखण्यापेक्षा त्यांनाच हाताशी धरावे असे फेंडर कंपनीने ठरविले आणि १९८२ पासून तेथे ‘स्क्वायर’ या नावाने स्वस्त गिटारी बनू लागल्या. १९८५ मध्ये फेंडरच्याच माणसांनी कंपनी परत विकत घेतली, तेव्हा फुलर्टनचा कारखाना त्या सौद्यात आला नाही. कोरोना येथील नवा कारखाना उभा राहीपर्यंत, फेंडर नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक गिटारी जपानमधूनच येत होत्या. आणि त्या सुरुवातीच्या जपानी ‘स्क्वायर’ आज संग्राहक शोधून शोधून घेतात.